आहुती आणि मौन : महाभारतातील यज्ञरूप हिंसा व तिची दोन आधुनिक वाचने

प्रास्ताविक

धर्म आणि मानवी हिंसा यांच्या संबंधाविषयी आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. खरा धर्म हिंसा शिकवीतच नाही. जी हिंसा होते ती सत्तेची वा संपत्तीची असते आणि धर्माचे केवळ नाव घेतले जाते, हे पहिले. धर्म हेच हिंसेचे मूळ आहे, तो गेला की माणूस शहाणा होईल, हे दुसरे. चर्चासत्रांतून ही दोन उत्तरे एकमेकांसमोर उभी केली जातात आणि चहाच्या वेळेपर्यंत दोन्ही बाजू आपापल्या जागी सुखरूप असतात. या दोहोंत एक गृहीत समान आहे. धर्म ही एक वस्तू व हिंसा ही दुसरी वस्तू. आता पहिलीने दुसरीला जन्म दिला की नाही एवढेच ठरवायचे.

महाभारताचा प्रश्न याहून निराळा आहे. ‘हत्या’ हे कृत्य ‘आहुती’ या कृत्यात कसे पालटते, आणि ते एकदा पालटल्यावर मारणाऱ्याचे, मरणाऱ्याचे व शेजारी बसून पाहणाऱ्याचे काय होते, याचा शोध हा ग्रंथ पुन्हा पुन्हा घेतो. आदिपर्वातील खांडवदाह आणि सर्पसत्र ही त्याची दोन ठळक उदाहरणे होत. प्रस्तुत निबंधात या प्रसंगांची दोन वाचने विचारात घेतली आहेत : इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मधील (१९६७) ‘मयसभा’ हा लेख आणि अरुण कोलटकर यांचे ‘सर्पसत्र’ हे इंग्रजी काव्य (२००४). एक समाजशास्त्रज्ञ, दुसरा कवी. एकीने देवतेचा पडदा बाजूला सारला, दुसऱ्याने मारल्या जाणाऱ्यांना तोंड दिले. दोघांच्याही हातून काय सुटले, हेही पाहणे अगत्याचे आहे.

खांडववन आणि ‘मयसभा’

प्रसंग परिचित आहे, तरी त्याचे तपशील सहसा विस्मृतीत जातात. कृष्ण व अर्जुन यमुनेच्या काठी परिवारासह विहाराला गेले आहेत. द्रौपदी व सुभद्रा सोबत आहेत, गाणे-बजावणे आणि मद्यपान चालू आहे. तेथे एक तेजस्वी ब्राह्मण येऊन भोजन मागतो. तो अग्नी आहे आणि त्याला खांडववन खायचे आहे. इंद्राचा मित्र तक्षक तेथे राहतो, म्हणून इंद्र दर वेळी पाऊस पाडून वन वाचवतो. अर्जुन आपल्याकडे पुरेशी शस्त्रे नसल्याचे सांगतो. मग वरुणाकडून गांडीव, अक्षय भाते व कपिध्वज रथ येतो. कृष्णाला चक्र मिळते. यानंतरचे वर्णन वाचवत नाही. तळ्यांतील पाणी उकळून मासे मरतात, पेटलेल्या पंखांचे पक्षी आकाशातून कोसळतात, बाहेर पळू पाहणाऱ्या प्रत्येक प्राण्याला दोन्ही वीर बाणांनी व चक्राने पुन्हा आगीत लोटतात.

इरावतीबाईंनी या वर्णनाला सरळ प्रश्न विचारला, ही मराठी महाभारतसमीक्षेतील मोलाची घटना आहे. दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ (१९६२) व्यक्तिरेखांच्या अंतरंगात शिरते. इरावतीबाई व्यक्तींबरोबरच जमीन, कुळे, गोधन यांकडे पाहतात. त्यांच्या मते अग्नीची भूक हे काव्य आहे. वस्तुस्थिती अशी की, पांडवांना ओसाड भाग वाट्याला आला होता, शेतीसाठी व गुरांसाठी जमीन हवी होती आणि ती जंगल जाळून मिळवली गेली. शतपथ ब्राह्मणातील विदेघ माथवाची कथा या अर्थाला पुष्टी देते. तेथेही अग्नी सरस्वतीपासून जाळत जाळत पूर्वेला सदानीरेपर्यंत जातो आणि त्याच्या मागोमाग वस्ती सरकते. सर्वच जीवांचा निःपात का, या प्रश्नाचे उत्तरही बाईंच्या चौकटीत बसते : भूमीवर निर्वेध ताबा हवा असेल तर मागे कोणी हक्कदार उरता कामा नये.

हे विवेचन पटण्याजोगे आहे. पण एक गोष्ट त्यात सुटते. जमीन हवी होती, तर कवीने अग्नीची भूक मध्ये का आणली? काव्यालंकार म्हणून ती दूर सारली तर प्रसंगाचा गाभाच हातचा जातो. वन जाळण्याची इच्छा अर्जुनाची राहत नाही, ती अग्नीची होते. अग्नी पुन्हा ब्राह्मण अतिथीच्या रूपात येतो. अतिथीला भोजन देणे हा गृहस्थाचा धर्म. म्हणजे वनदाह हे अतिथिसत्कार ठरते. जळणारे प्राणी हे वध्य नव्हेत, अन्न आहेत. मारणारा तेथे आहेच, पण कर्ता म्हणून तो नाहीसा झाला आहे. जमिनीची हाव माणसाला शेजाऱ्याचे कुंपण सरकवायला पुरेशी असते. पेटलेल्या पक्ष्याला पुन्हा आगीत टाकताना मन प्रसन्न ठेवायचे असेल, तर त्याहून काही जास्त लागते.

पाठपरंपरेतही याचा एक पुरावा आहे. प्रचलित प्रतींत अग्नीच्या भुकेला कारण दिले आहे : श्वेतकी राजाच्या यज्ञात बारा वर्षे अखंड तूप पिऊन अग्नीला अजीर्ण झाले आणि त्यावर उपाय म्हणून ब्रह्मदेवाने खांडववनातील प्राण्यांची चरबी सांगितली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत, वि. सी. सुखटणकरांनी संपादिलेल्या आदिपर्वात, ही कथा मूळ संहितेत घेतलेली नाही. ती परिशिष्टात आहे. मूळ संहितेतला अग्नी केवळ भुकेला आहे. म्हणजे कोणा उत्तरकालीन निवेदकाला ही भूक तशीच सोडणे जड गेले. एवढ्या संहाराला काही निमित्त हवे, असे त्याला वाटले असावे. त्याने दिलेले निमित्तही मासलेवाईक आहे : एका यज्ञाच्या अतिरेकावर दुसऱ्या, मोठ्या यज्ञाचा उतारा.

आता वाचलेले कोण, ते पाहू. ग्रंथ मोजून सहा नावे देतो : तक्षकाचा पुत्र अश्वसेन, मय आणि चार शार्ङ्गक पक्षी. अश्वसेनाला आईने गिळून बाहेर नेले. ती स्वतः अर्जुनाच्या बाणाने मेली. मयाने अर्जुनाला हाक मारून अभय मागितले. शार्ङ्गकांची पिले वाचली, कारण त्यांचा पिता मंदपाल हा ऋषी होता. त्याने अग्नीची स्तुती केली होती, आणि आग जवळ येताच त्या पिलांनीही तशीच स्तुती केली. अश्वसेनाची गोष्ट आईच्या मरणाची आहे. ती सोडली, तर उरलेले पाच जण वाचले ते बोलता आले म्हणून. चौघांना तर मारणाऱ्याच्याच उपासनेची भाषा अवगत होती. ज्या जीवांना ती येत नव्हती त्यांची गणती कोणी ठेवलेली नाही. मयसभेच्या वैभवाकडे पाहताना इरावतीबाईंचे लक्ष जमिनीवर होते, म्हणून त्यांच्या लेखात हे भाषेचे सूत्र आलेले नाही.

सत्राची उलटापालट

सर्पसत्राची कथा खांडवदाहाच्या आधी सांगितली आहे, पण घडते तीन पिढ्यांनंतर. शृंगीच्या शापामुळे तक्षकाने परीक्षिताला दंश केला. त्याचा पुत्र जनमेजय सगळे सर्पकुळ जाळायला निघाला. त्याला चिथावणारा उत्तंक स्वतःच्या कुंडलांच्या चोरीचा राग मनात धरून आहे. महाभारत येथे ऋत्विजांची नावे नोंदवते, हे विशेष. होता चण्डभार्गव, उद्गाता कौत्स, ब्रह्मा जैमिनी, अध्वर्यू शार्ङ्गरव. सदस्यांत उद्दालक, श्वेतकेतू, आणि आपल्या पुत्रासह व शिष्यांसह साक्षात व्यास. ऋत्विजांनी काळी वस्त्रे नेसली आहेत, धुराने त्यांचे डोळे लाल झाले आहेत. पौष्टिक यज्ञाचे हे रूप नव्हे, अभिचाराचे आहे. तरी मांडणी श्रौत आहे, मंत्र शुद्ध आहेत, आणि सर्प आपण होऊन येऊन पडतात. कोणी कोणाला धरून आणीत नाही. विधीच ओढून आणतो.

वैदिक वाङ्मयाच्या अभ्यासकांना ठाऊक असलेली एक बाब साहित्याच्या वर्गात क्वचितच सांगितली जाते. सामवेदाच्या पंचविंश ब्राह्मणात (ताण्ड्य) सर्पसत्र आहे, पण ते सर्पांनी केलेले सत्र आहे. धृतराष्ट्र ऐरावत, तक्षक ही नावे तेथे ऋत्विजांची आहेत आणि जनमेजय हे नावही त्यांतलेच, अध्वर्यूचे. या सत्राने सर्पांनी मृत्यूला जिंकले, जुनी कात टाकली, असे तेथे फळ सांगितले आहे. त्याच नावांनिशी ते सत्र महाभारतात येते तेव्हा यज्ञ करणारे हविर्द्रव्य झालेले असतात. आणखी एक फरक लक्षणीय आहे. श्रौत परिभाषेत सत्रातील ऋत्विज हेच यजमान असतात, त्यात दक्षिणा नसते, फळ सर्वांचे सारखे. जनमेजयाच्या सत्राला यजमान एक, ऋत्विज वेगळे आणि शेवटी धनाचे वाटप. संकल्प राजाचा म्हणून पाप त्याचे. कर्म ऋत्विजांचे म्हणून राजाचा हात स्वच्छ. सर्पांना तर त्यांची माता कद्रू हिनेच शाप दिलेला आणि ब्रह्मदेवाने त्याला अनुमोदन दिलेले. जबाबदारी इतक्या जणांत वाटली गेली की शेवटी कोणाच्याच ताटात काही पडले नाही. आजच्या कार्यालयीन भाषेत यालाच ‘योग्य मार्गाने’ काम होणे म्हणतात.

रने झिरार या फ्रेंच विचारवंताचा ‘हिंसा आणि पवित्र’ हा ग्रंथ (१९७२) या संदर्भात वारंवार उद्धृत होतो. त्याचे म्हणणे असे की, समाजातील परस्परसूडाचे वारे आवरण्यासाठी सर्वांचा रोष एका बळीवर एकवटला जातो, त्याच्या मरणाने शांती येते व त्या शांतीतूनच पवित्राची कल्पना जन्मते. यज्ञबळी म्हणजे हिंसेला घातलेला बांध. सर्पसत्रापुढे हे सूत्र टिकत नाही. येथे अनेकांना वाचवण्यासाठी एकाला मारलेले नाही. एका तक्षकासाठी जात जाळली जात आहे. शिवाय तक्षक तर इंद्राच्या आश्रयाला जाऊन सुरक्षित बसला आहे, आणि जळत आहेत ते त्याच्याशी संबंध नसलेले. सूड येथे आवरला जात नाही. विधीमुळे त्याला मोजमापच राहत नाही. द्वंद्वयुद्धात एक मेला की थांबता येते. मंत्राला ‘पुरे’ म्हणता येत नाही.

याच पर्वात, सत्राच्या कथेला लागूनच, रुरूची छोटी गोष्ट आहे. प्रमद्वरेला साप चावला म्हणून रुरू दिसेल त्या सापाला काठीने मारत सुटतो. एक डुण्डुभ, म्हणजे बिनविषारी जात, त्याला विचारतो की, मी तुझे काय केले? आणि तो सांगतो की अहिंसा हाच श्रेष्ठ धर्म. आपण हे वचन सभासमारंभांतून ऐकतो, तेव्हा ते कोणा ऋषीचे असावे असा समज होतो. ग्रंथाच्या आरंभीच ते ज्याच्या तोंडी आले आहे तो, शापाने का होईना, काठीखाली सापडलेला साप आहे.

अश्वत्थाम्याचे पौरोहित्य

यज्ञाची ही परिभाषा आदिपर्वापुरती राहत नाही. उद्योगपर्वात कर्ण कृष्णाला येणाऱ्या युद्धाचे चित्र शस्त्रयज्ञ म्हणून रंगवून दाखवतो : कृष्ण अध्वर्यू, अर्जुन होता, गांडीव ही स्रुचा, वीरांचे शौर्य हे तूप. अल्फ हिल्टबाइटेल यांनी १९७६ मध्ये या संबंधाचा विस्तृत अभ्यास केला आहे, तेव्हा त्याची पुनरुक्ती नको. येथे फक्त सौप्तिकपर्वाचा विचार करू, कारण इरावतीबाईंच्या भूमिकेशी मतभेद नोंदवावा लागतो तो येथे.

‘परधर्मो भयावहः’ या लेखात द्रोण व अश्वत्थामा या पितापुत्रांची शोकांतिका बाईंनी वर्णधर्माच्या त्यागातून उलगडली आहे. ब्राह्मणाने क्षत्रियाचे काम पत्करले, ते त्याला झेपले नाही आणि त्यातून अमानुषता आली, असा तिचा आशय. पण सौप्तिकपर्वात त्या रात्री अश्वत्थामा नेमके काय करतो? शिबिराच्या दाराशी तो शिवाची स्तुती करतो. समोर सुवर्णवेदी प्रकट होते, तिच्यावर अग्नी पेटतो, आणि तो स्वतःचीच आहुती द्यायला निघतो. शिव प्रसन्न होऊन त्याला खड्ग देतो व त्याच्या शरीरात प्रवेश करतो. मगच संहार होतो. धृष्टद्युम्न विनवतो की शस्त्राने मार, म्हणजे मला वीरलोक मिळेल. अश्वत्थामा शस्त्र वापरत नाही. लाथांनी तुडवून मारतो, आणि कवी त्यासाठी पशू मारावा तसे मारले, अशी शब्दयोजना करतो. यज्ञीय पशूलाही शस्त्र न लावता गुदमरवून मारण्याचा विधी असतो. तेव्हा अश्वत्थामा या रात्री परधर्मात भरकटलेला नाही. स्वधर्मातले सर्वांत जुने काम तो करीत आहे. तो पौरोहित्य करतो. इरावतीबाईंना ही क्रूरता धर्मभ्रष्टतेची खूण वाटली. संहितेत मात्र ती धर्मविधीच्या पूर्ततेची खूण म्हणून येते, आणि म्हणूनच ती अधिक भयावह आहे.

महाभारतात या विधीवर आक्षेप घेणारे आवाज नाहीत असे नव्हे. शांतिपर्वातील तुलाधार हा तराजू धरणारा वाणी जाजलीसारख्या तपस्व्याला हिंसक यज्ञाचा फोलपणा समजावतो. आश्वमेधिकपर्वात अर्ध्या सोन्याचा मुंगूस येऊन युधिष्ठिराच्या अश्वमेधाला मूठभर सातूपेक्षा हलके ठरवतो. परंतु त्यानंतर लगेच कळते की, हा मुंगूस म्हणजे शापित क्रोध आहे, आणि धर्माची निंदा केल्यावर त्याची सुटका व्हायची होती. टीका नोंदवायची, पण टीकाकाराला शापित ठरवायचे! ग्रंथाची ही अस्वस्थता त्याच्या निर्भीडपणाइतकीच अभ्यसनीय आहे.

जरत्कारूचे बोलणे

अरुण कोलटकरांचे ‘सर्पसत्र’ त्यांच्या निधनाच्या वर्षी, २००४ मध्ये, प्रास प्रकाशनाने प्रसिद्ध केले. त्याचे तीन भाग आहेत : जनमेजयाचे मनोगत, जरत्कारूने मुलाला, आस्तिकाला, उद्देशून केलेले दीर्घ भाषण, आणि सत्रसमाप्तीचे अवभृथस्नान. मधला भाग सर्वांत मोठा आहे आणि काव्याचे वजन त्यातच आहे. महाभारतातील नागकन्या जरत्कारू मोजके बोलते : शापाची हकीकत सांगते, मुलाला मामाचे कुळ वाचवायला सांगते. कोलटकरांची जरत्कारू थांबत नाही. सत्राला बसलेल्या विद्वानांची ती हजेरी घेते, आणि मग खांडववनाकडे वळते. तेथील वृक्ष, पाखरे, फुलपाखरे आणि त्या वनात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली साधी माणसे यांची ती नोंद करते. मूळ आख्यानात ज्यांची गणती नाही, त्यांची ही यादी आहे. त्या माणसांबरोबर त्यांची भाषाही गेली, असे ती म्हणते. वर शार्ङ्गकांच्या संदर्भात जे सूत्र आले, त्याची ही दुसरी बाजू : ज्यांची भाषा अग्नीला कळत नव्हती, त्यांच्याबद्दल प्रथमच कोणी बोलत आहे.

कोलटकरांच्या वाचनाला मर्यादाही आहे. त्यांच्या काव्यात बळी फार निर्मळ झाला आहे. महाभारतातील सर्प असे नाहीत. तक्षक फसवून मारतो. परीक्षिताला वाचवू शकणाऱ्या काश्यपाला तो वाटेतच धन देऊन परत पाठवतो. कद्रू स्वतःच्या मुलांना अशासाठी शापते की त्यांनी तिच्या कपटात साथ दिली नाही. बळीही दोषी असू शकतो आणि तरीही त्याची आहुती अन्यायच असते, हे अवघड सत्य मूळ कथा पेलते. काव्य ते थोडे सोपे करते. आणि जरत्कारूची उपहासगर्भ, चलाख वाणी आपल्या काळाची आहे, हेही जाणवत राहते. पण एवढ्याने तिचे मोल उणावत नाही.

कारण सत्र थांबले कसे, हा प्रश्न तिच्यापाशीच येऊन ठेपतो. आस्तिक यज्ञमंडपात येऊन हिंसेविरुद्ध एक शब्द बोलत नाही. तो यज्ञाची स्तुती करतो. राजाची, ऋत्विजांची, सदस्यांची, अग्नीची स्तुती करतो. हा यज्ञ सोम, वरुण व प्रजापती यांच्या यज्ञांच्या तोडीचा आहे असे सांगतो. राजा प्रसन्न होऊन वर देऊ करतो, आणि मग आस्तिक सत्र थांबवण्याचा वर मागतो. राजा सोने, चांदी, गाई देऊ पाहतो; पण दिलेला शब्द ब्राह्मणाच्या बाबतीत मोडता येत नाही. म्हणजे जो नियम आहुतीला बळ देतो, त्याच नियमाच्या पोटातून थांबण्याची वाट निघते. आस्तिकाला मंडपात प्रवेश मिळतो तो पित्याकडून आलेल्या ब्राह्मण्यामुळे. तेथे जाण्याची निकड येते ती मातेच्या नागकुळातून. केवळ सर्प असता तर तो आगीत असता, केवळ ब्राह्मण असता तर कदाचित सदस्यांत.

आपल्याकडे नागपंचमीचा संबंध सर्पसत्र थांबल्याच्या दिवसाशी जोडण्याची लोकरूढी आहे. त्या दिवशी चिरू नये, कापू नये, तवा चुलीवर ठेवू नये, जमीन खणू नये. नाग हा भाऊ. स्वयंपाकघरातून आणि शेतातून एक दिवस धार व आग बाजूला ठेवणारा हा आचार बायकांनी राखला, ही बाब जरत्कारूच्या संदर्भात ध्यानात घ्यावीशी वाटते. त्याची शास्त्रीय चिकित्सा येथे अभिप्रेत नाही.

कोलटकरांच्या काव्याच्या अखेरीस पराशराच्या राक्षससत्रातील अग्नीचे स्मरण आहे. तोही असाच मध्ये थांबवलेला विधी. त्याचा अग्नी विझवता आला नाही. तो हिमालयाच्या उत्तरेकडील अरण्यात टाकण्यात आला, आणि आजही पर्वकाळी तो राक्षस, वृक्ष व पाषाण खाताना दिसतो, असे महाभारत सांगते. जनमेजयाच्या सत्राची समाप्ती यामानाने शिष्टाचाराची झाली. ऋत्विजांना व सदस्यांना धन मिळाले, अवभृथस्नान झाले. त्या मंडपात, विधीच्या मधल्या वेळांत, व्यासांच्या आज्ञेने वैशंपायन कुरुकुळाच्या संहाराची कथा सांगत होता आणि राजा ती आवडीने ऐकत होता. निरोप देताना जनमेजय आस्तिकाला म्हणाला की, पुन्हा यावे; मी अश्वमेध करीन तेव्हा आपण माझे सदस्य व्हावे. आस्तिक ‘तसेच होईल’ म्हणाला, आनंदाने धावत निघाला, आणि घरी जाऊन त्याने आईचे व मामाचे पाय धरले.